आमच्या घराण्याचे दात

जाम खाताना माझा पुढचा दात हलला. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, जाम म्हणजे पेरू. आमच्याकडे मराठी माणूसही पेरू म्हणायला गेला तर दुकानदार तोंडाकडे बघत बसतो. कॉलेजच्या ऑफिसात दुपारी आम्ही बायका तिखट-मीठ लावून फोडी खात होतो. मी कचकन चावले आणि वरचा डावा पटाशीचा दात कडी खिळखिळी व्हावी तसा हलला. दुखलं काही नाही.

घाबरायला हवं होतं. पण मी दुपारभर जिभेने तो ढकलून बघत बसले. किती हलतो? आत जास्त की बाहेर? शेजारचा हलतो का? तोही थोडा हलत होता. ही माझी जुनी खोड. माझे वडील, अण्णा, लोकांना बजावून ठेवतात, "वैशूला उत्तर देऊ नका, तिचा पुढचा सवाल तयार असतो." भीती रात्री ब्रश करताना वाटली, कारण आरशात दोन दातांमध्ये फट दिसली. आधी ती फट नव्हती.

चाळिशी उलटल्यावर दातांना तार लावायची वेळ आलेल्या लोकांसाठी हे लिहितेय. कुठली तार, कुठली पट्टी ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगते.

खानदानी माल

आमच्या घरात सगळ्यांचे दात पुढे. आजोबांचे होते, अण्णांचे होते, काकांचे आहेत, माझे आहेत. आमच्या वस्तीत, परदेशीपुऱ्यात, मला न ओळखणारा माणूसही तोंड बघून म्हणतो, "आप मास्टरजी की बेटी हो ना?" अण्णा मिलमध्ये कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मिल बंद पडली तेव्हा त्या क्लॅरिनेटनेच घर चालवलं. म्हणून ते मास्टरजी. ते वाजवायला आजोबांकडून शिकले आणि मी अण्णांकडून. माझ्या भावाने ते कधी हातात धरलं नाही. त्याचे दात सरळ आहेत. "तो आईवर गेला," असं आमच्याकडे जरा दया आल्यासारखं म्हणतात.

मी लग्नात वाजवत नाही. दोनदा वाजवलं, तर नातेवाइकांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं. पण रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की बाहेरच्या खोलीत बसून अण्णांसाठी वाजवते. त्यांनी स्वतः वाजवणं सोडलं होतं. "श्वास पुरत नाही," म्हणाले एक दिवस, आणि क्लॅरिनेट माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मी वाजवायचे आणि ते खुर्चीच्या दांडीवर बोटाने ठेका धरायचे. सूर खाली गेला की बोट थांबायचं. आई गेल्यावर अण्णांच्या दिवसात वाट बघण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

निदानाचा दिवस

कृष्णपुऱ्याकडच्या एका गल्लीत, कपड्याच्या दुकानावर, डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला वाट देण्यासाठी चढणाऱ्याला परत खाली जावं लागतं. माझ्याबरोबर नवरा, मिलिंद, आला होता. तो साताऱ्याचा, नोकरीसाठी इथे आला आणि माझ्या तावडीत सापडला; आम्ही अण्णांबरोबरच राहतो.

मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. माझ्या हिरड्या आजारी होत्या. पुढच्या दातांभोवतीचं हाड झिजलं होतं, आधाराला जेमतेम निम्मं उरलेलं. आधीच पुढे असलेले दात त्यामुळे आणखी पुढे झुकत चालले होते. "ऐसे ही छोड़ दिया तो ये जाएँगे," मॅडम म्हणाल्या. आधी हिरड्या ठीक करायच्या, मग हलक्या तारेने दात हळूहळू मागे आणायचे. वर्ष-दीड वर्ष, जास्तही.

मिलिंदचा चेहरा उतरला. माझ्या मनात भलताच प्रश्न आला. "मॅडम, दाँत हड्डी में से सरकता है, तो हड्डी में नाली पड़ती है क्या?"

त्या हसल्या. दात ज्या बाजूला जातो तिथलं हाड विरघळतं आणि मागे नवीन हाड भरत येतं, असं त्यांनी सांगितलं. आपण बसलोय, जेवतोय, फाइली लावतोय, आणि तोंडात हाड जागा बदलतंय! मला इतका अचंबा वाटला की घरी येईपर्यंत मी दुसरं काही बोलले नाही. मिलिंदला वाटलं, मी धसका घेतलाय.

एक गोष्ट मात्र तिथे चुकली. मॅडमनी विचारलं होतं, "कोई आदत? अंगूठा चूसना, नाखून, पेन चबाना?" मी नाही म्हटलं. "घर में और किसी के दाँत ऐसे?" मी म्हटलं, "सगळ्यांचे. खानदानी माल आहे." मॅडमना मराठी कळतं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो.

तारेतले दिवस

हिरड्यांची सफाई झाली, टाके पडले, बरे झाले. मग तार बसली. पहिले चार-पाच दिवस दात शिवशिवत होते. वरण-भातही चावावा लागतो हे मला तेव्हा कळलं. इंदूरात तर पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यावर शेव. मी ती भिजवून खायला लागले. भिजलेली शेव खाताना बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "इससे तो उपवास अच्छा."

ऑफिसच्या खिडकीत यायची ती पोरं बघत राहायची. "मॅडम, आप भी?" एका मुलीने स्वतःची तार दाखवून मेण कुठे चिकटवायचं ते शिकवलं. ओठ कापतो तिथे मुगाएवढी गोळी. मला तिचे उपकार वाटले, कारण माझा खालचा ओठ आतून फार सोलवटत होता. मॅडमना वाटलं, नवी तार आहे, होतं असं.

तेव्हा मी रोज वाजवत होते. तोंडात मेण भरून, ओठ सोलवटून, पण वाजवत होते. अण्णांचं बोट दांडीवर सारखं थांबायचं. पण तारेचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. निघालं ते एवढंच, "आपल्या घरच्या दातांना काय झालं होतं? माझे काय, मी सांभाळले नाहीत?" अण्णांच्या वरच्या पुढच्या दातांच्या जागी कवळी आहे. मी ते बोलून दाखवलं नाही.

कोण ढकलतंय?

महिन्यामागून महिने गेले. बाकीचे दात शहाण्यासारखे सरकले, पण पुढचे दोन अडून बसले. मॅडम दर वेळी तार बघायच्या, माझ्याकडे बघायच्या, पुन्हा तार बघायच्या. एकदा हातातला चिमटा खाली ठेवून त्या स्टूल ओढून बसल्या.

"वैशालीजी, मैं पीछे खींच रही हूँ और कोई रोज़ आगे धकेल रहा है. सच बताइए. जीभ? पेन्सिल? शाम को घर जाकर आप करती क्या हो?"

"स्वयंपाक. त्याआधी थोडा वेळ क्लॅरिनेट वाजवते."

मॅडमनी तोंडावरचा मास्क खाली केला. "कितने साल से?"

"लहानपणापासून."

"और बताया नहीं?"

"तुम्ही आदत विचारली होती," मी म्हटलं. "ही काय आदत आहे? ही विद्या आहे."

मी चेष्टेने बोलले नव्हते. अंगठा चोखणं आणि क्लॅरिनेट एका रांगेत बसतील हे आमच्या घरात कुणाला सात जन्मांत सुचलं नसतं. क्लॅरिनेट धरतात कसं ते मी बोटांनी दाखवलं. खालचा ओठ दातांवर दुमडायचा, त्यावर बांबूची पातळ पत्ती टेकवायची, वरचे दात माउथपीसच्या पाठीवर रोवायचे आणि उजव्या अंगठ्याने सगळा भार खालून वर लोटायचा. दाखवता दाखवता माझं मलाच दिसलं. भार नेमका कुठे जातो ते दिसलं.

मॅडमनी सांगितलं, वाजवणं बंद. दात बसेपर्यंत. नाहीतर डावा जाईल, त्याच्यामागून दुसराही. आणि नंतर? नंतर पूर्वीसारखं दात रोवून वाजवता येईल का, या प्रश्नावर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "पता नहीं."

गप्प खोली

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." बाहेरच्या खोलीतली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आत नेली. संध्याकाळी दिवा लागला की ते देवाला नमस्कार करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मिलिंदने मोबाइलवर कुणाचं तरी वादन लावून दिलं. "बंद करा जी," अण्णा म्हणाले. जावयाला ते नेहमी अहो-जाहो करतात, रागातही.

आमचं भांडण झालं ते मिलिंदमुळे नाही, माझ्या तोंडामुळे. मी म्हटलं, "अण्णा, आपले दात खानदानी नाहीतच बहुतेक. क्लॅरिनेटने केलेत ते."

"तीन पिढ्यांना ज्याने जेवायला घातलं, त्याला दोष देतेस?"

"दोष नाही देत. विचारतेय."

"तुझं विचारणंच नडतं," म्हणाले, आणि दोन दिवस बोलले नाहीत. मला रडू आलं. दात वाचवायला गेले आणि बाप गमावून बसते की काय, असं वाटायला लागलं. मिलिंद म्हणाला, "तुला दोन्ही पाहिजे ना? मग शोध काढ. तुला त्याच्याशिवाय दुसरं येतं काय?"

चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा तेवढ्यात आला, आणि मी तिथे प्रत्येकाच्या तोंडात डोकावत फिरले. वाजवणारे काका, दात पुढे. वाजवणारा त्यांचा थोरला, दात पुढे. न वाजवणारा माझा भाऊ, सरळ. आत्या, सत्तरीची, स्वतःचे दात, मोत्यासारखे सरळ. मी तिला म्हटलं, "आत्या, तू कशी काय वाचलीस?"

"मला कुणी हातात दिलं का ते?" आत्या म्हणाली. "मी फक्त फडक्याने पुसून ठेवायची." आणि तिने बर्फी तोडली, पुढच्या दातांनी.

माझा शोध पक्का झाला असं वाटत होतं, एवढ्यात काकांचा धाकटा हसला. त्याला शिट्टीही धड वाजवता येत नाही, आणि त्याचे दात माझ्याही पुढे. मी हिरमुसले. मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "थोड़ा खानदान, थोड़ा क्लैरिनेट," म्हणाल्या, "किसका कितना, कोई नहीं बता सकता." मग म्हणाल्या, "एक बार लेकर आइए. मुझे देखना है."

दवाखान्यातली मैफल

क्लॅरिनेट न्यायचं म्हटल्यावर अण्णा कपडे करून तयार. "माझं वाद्य आहे. ऑटोत आपटाल." राजवाड्यापाशी ऑटो गर्दीत अडकला तरी ते पेटी मांडीवर धरून ताठ बसले होते.

मॅडमनी मला एकच सूर वाजवायला सांगितला. हातमोजा घातलेलं बोट माझ्या वरच्या दातांपाशी धरून त्या बघत होत्या. "बाप रे, पूरा वज़न यहीं." मग अण्णांकडे वळल्या. "बाबूजी, आपके दाँत कब गए?"

"बजाते-बजाते," अण्णा म्हणाले. "एक इस सीज़न, एक उस सीज़न. सबके जाते हैं."

"फिर उसके बाद कैसे बजाया?"

अण्णा रुमालाने पेटी पुसायला लागले. मी म्हटलं, "दात गेल्यावरही दोन वर्षं वाजवलं त्यांनी. मग श्वास कमी पडला."

मॅडमनी पुन्हा विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाठ फिरवून त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली. मग दोन्ही ओठ आत दुमडून घेतले, खालचाही आणि वरचाही, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. वरून ओठाची गादी, खालून ओठाची गादी. कुठेच दात टेकत नाही.

सूर निघाला. बँडचा नव्हता, बँडचा सूर गल्लीच्या टोकापर्यंत धावतो. हा मऊ होता, खोलीपुरता. आणि लांब. मी वाट बघत होते की आता तुटेल, आता तुटेल. तो तुटला नाही. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले.

"अण्णा," मी म्हटलं, "श्वास तर पुरतोय."

"श्वासाला काय झालंय?" ते म्हणाले. बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत आले.

परत येताना ऑटोत त्यांनी सांगितलं. शेवटच्या एका वरातीत ते असं ओठांनी वाजवत होते. पुढे चालणारा बँडवाला सारखा मागे वळून म्हणत होता, "मास्टर, जरा ज़ोर से." मग नवरदेवाचा मित्रही म्हणाला. मग पोरं हसत म्हणायला लागली, ज़ोर से, ज़ोर से. "बोळक्याचं वाजवणं ते," अण्णा म्हणाले. "तुझ्यासमोर काय वाजवू?" श्वासाचं कारण त्यांना बरं वाटलं होतं, कारण श्वासाला कुणी हसत नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, आणि मग म्हणाले, "पेटी सांभाळ."

उलटी शिकवणी

मॅडमचं म्हणणं असं पडलं की दात आधी बसू देत. त्यानंतर दोन्ही ओठ दुमडून, रोज थोडंच, आणि दर महिन्याला त्या तपासणार. पहिले सहा महिने मी वाजवलं नाही. अडून बसलेले दोन्ही दात त्या काळात सरकले, डावा घट्ट धरायला लागला. गप्प राहिलेल्या त्या खोलीचं हे फळ, हे मी अण्णांना दर भेटीनंतर सांगत होते. ते हं म्हणायचे.

मग शिकवणी सुरू झाली. इतकी वर्षं वाजवणारी मी, आणि मला फुंकता येईना. वरचा ओठ थरथरायचा, वारा बाजूने निसटायचा, बदकासारखे आवाज निघायचे. अण्णा वैतागायचे, "दात विसर. तुला दातच नाहीत असं समज." इतका खर्च करून दात वाचवले, आणि घरात हे ऐकायचं! मिलिंद स्वयंपाकघरात हसायचा. दाखवण्यासाठी अण्णा कवळी काढून दोन सूर वाजवायचे. मग चार. मग एक अख्खी चाल.

त्यांना तो आवाज अजून आवडत नव्हता. मला आवडायला लागला होता. मी एकदा तसं म्हटलं, तर क्लॅरिनेट फडक्याने पुसत ते म्हणाले, "दातांचा आवाज वरातीचा. हा घरात बसून ऐकायचा." याहून मोठी कबुली अण्णांकडून मिळत नसते.

तार निघाल्यावर

तार निघाली त्या दिवशी आरशात मला आत्या दिसली. खरंच. मी दोनदा वळून बघितलं. फट गेली, दात ओळीत, ओठ आपणहून मिटतात. दात पुन्हा पळू नयेत म्हणून मागे एक बारीक तार कायमची आहे, आणि वरून घालायचा प्लास्टिकचा साचा, जेवताना आणि वाजवताना काढायचा. हाड परत पहिल्यासारखं होणार नाही. सांभाळून राहायचं आहे. हेही तुम्हाला कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

गल्लीत आता मला कुणी "मास्टरजी की बेटी" म्हणत नाही. किराणावाल्याने एकदा विचारलं, "नए आए हो क्या, भाभी?" मला त्याचं वाईट वाटलं. हसतमुखाने घरी आले आणि वाईट वाटलं. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघून फक्त विचारलं, "दुखतं का?" मी नाही म्हटलं. "मग झालं," म्हणाले, आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत परत आणून ठेवली.

आता संध्याकाळी दिवा लागला की आम्ही दोघं आपापलं तोंड रिकामं करतो. त्यांची कवळी वाटीत, माझा साचा डबीत, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी. मग आळीपाळीने वाजवतो. पत्ती मात्र ज्याची त्याची वेगळी, मॅडमनी बजावलंय.

परवा मिलिंद स्वयंपाकघरात पोळ्या भाजत होता. बाहेर चाल रंगली होती. ती संपायची वाट बघून त्याने आतून हाक मारली, "अण्णा, फार सुरेख वाजवलंत. आता जेवायला चला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि बोळक्या तोंडाने हसले. वाजवत मी होते.